एक शिवी आणि एक होकार

सुनेने विचारलं, "आई, चहा टाकू?" आणि मी म्हटलं, "रांडेच्या."

मला म्हणायचं होतं, टाक, साखर कमी घाल. तोंडातून आलं ते हे. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिला वाटलं, खिडकीतल्या कावळ्याला बोलते आहे. "टाकते हो," म्हणाली आणि आधण ठेवलं.

दुसऱ्या कुणाच्या घरात म्हातारी सकाळी सकाळी असं बोलली असती तर घर गोळा झालं असतं. पण आम्ही मालवणी. त्यात मी गिरणी कामगारांची खानावळ चालवलेली बाई. भुकेल्या पुरुषांना पंगतीत बसवायचं आणि जेवण झाल्यावर उठवायचं, हे गोड बोलून होत नाही. माझ्या तोंडून शिवी आली की घरच्यांना वाटतं, आज हिची तब्येत झकास आहे.

मुलगा ऑफिसला निघाला. मी त्याची बाही धरली. उजवा हात उठेना म्हणून डाव्या हाताने धरली.

"रांडेच्या," मी म्हटलं. "रांडेच्या, रांडेच्या."

"आई, आता मी काय केलं? संध्याकाळी बोलू ना," म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

डोक्यात सगळं नीट होतं. माझं नाव, त्याचं नाव, हात उठत नाही, डॉक्टरकडे ने. सगळे शब्द रांगेत उभे. पण तोंडाशी आले की तो एकच दांडगा सगळ्यांना ढकलून पुढे यायचा.

सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी शेजारीण आली. ती अकोल्याकडची. तिचे आईवडील बाबासाहेबांच्या मागे गेलेले, आम्ही रवळनाथाचे. देव वेगळे, पण जिभा सारख्या. म्हणून आमचा एक करार होता: एकमेकींना शिव्या द्यायच्या त्या हसत हसत. तिच्या वऱ्हाडी शिव्या माझ्यापेक्षा लांब, त्यामुळे मी जपूनच असायची. त्या दिवशी ती ठेचा घेऊन दारात उभी राहिली आणि मी तिला शिवी घातली. ती उलट देणार होती, पण थांबली.

"हसली नाहीस तू," ती म्हणाली. "हस बरं."

मी हसले. म्हणजे मला वाटलं, मी हसले.

"अगं पोरी," ती माझ्या सुनेवर ओरडली, "सासूचं अर्धं तोंड झोपलंय आणि तू मोबाइल बघतेस? रिक्षा बोलाव!"

इस्पितळातला डॉक्टर अगदी कोवळा होता. "आजी, नाव सांगा," म्हणाला. मी एक शब्द सांगितला. "वय?" तोच सांगितला. तो काही रागावला नाही. मुलाला म्हणाला, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, बोलायची जागा दुखावली. शिव्या बहुतेक मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतात, त्या वाचल्या.

"आणि बाकीचं?" मुलाने विचारलं.

"येईल. कदाचित नाही येणार. आज सांगता येत नाही."

हात हळूहळू परत आला. पायही आला. भाकरी थापता यायला लागली. शब्द मात्र येईनात. दिवसभर मी घरात एकटी. मुलगा ठाण्याला, सून घाटकोपरला बँकेत, नातू शाळेत. एकदा गॅसवाला आला. मी दार उघडून त्याचं स्वागत केलं, तर तो भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच परत गेला. त्या संध्याकाळी सुनेने डाळ शेजारणीच्या शेगडीवर शिजवली आणि मुलाने निर्णय सांगितला.

"आई, शिमगा झाला की काका तुला गावी न्यायला येतील. तिथे काकी आहे, माणसं आहेत. इथे दुपारी तुला काही झालं तर सांगणार कुणाला? फोन लावून काय बोलणार?"

मी त्याच्याकडे रोखून बघितलं.

"बरं, एक काम कर," तो म्हणाला. "फोनवर स्वतःचं नाव आणि पत्ता सांगून दाखव. मग राहा. माझी काही जबरदस्ती नाही."

माझी जाऊ वाईट नाही. फार चांगली आहे, तीच अडचण आहे. ती मला तीन वेळा जेवायला घालणार, आणि मी किती जेवले, रात्री किती वेळा उठले, सकाळी पोट साफ झालं की नाही, हे विहिरीपासून देवळापर्यंत सगळ्यांना प्रेमाने सांगणार. उलट बोलायला जीभ असती तर मी तिच्याबरोबर आनंदाने राहिले असते. बिनजिभेची मी तिच्या घरी म्हणजे तिच्या हातातली बाहुली. इथे भांडुपला मला कुणी विचारत नाही. मला ते आवडतं. मला मरायचं होतं तर इथे, माझ्या दाराला माझी कडी लावून.

शेजारणीच्या भावाला आधी असाच झटका येऊन गेला होता. ती म्हणाली, "मुलुंडला एक बाई आहे. नाटकातली. माझ्या भावाला तिनेच बोलता केला. शनिवारी मी तुला नेते. फुकट आहे, तोंड वाकडं करू नको. म्हणजे आहे त्याच्यापेक्षा वाकडं."

ती बाई मला माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती. नाटकाच्या जाहिरातीत तिचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठं असायचं. टीव्हीवर ती रडली की आमच्या चाळीत भात करपायचे. प्रत्यक्षात ती बुटकी निघाली. केस पांढरे, डावा पाय किंचित ओढत चालायची. हॉल एका व्यायामशाळेच्या वर होता. खाली तरुण पोरं लोखंड आपटत होती, हिंदी गाणी ढणढणत होती, आणि वर आम्ही मुके.

पहिल्याच दिवशी तिने सगळ्या नातेवाइकांना खाली पाठवलं.

"इथे शब्द पुरवायला मनाई आहे," ती म्हणाली. "आमच्या नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो. नट अडला की तो हळूच वाक्य देतो. पण तो फार मायाळू असला ना, तर नट पाठांतर करायचंच सोडतो. तुम्ही सगळे फार मायाळू आहात. खाली चहा मिळतो, जा."

मग तिने स्वतःचं सांगितलं, आज भाजीत मीठ जास्त पडलं असं सांगावं तसं. नाटकाच्या दुसऱ्या अंकात तिचं बोलणं बंद पडलं. विंगेतून वाक्य येत होतं, तिला ऐकूही येत होतं, पण जिभेवर घेता येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली. प्रेक्षकांना वाटलं, अभिनय. टाळ्या पडल्या. पडदा पाडला आणि तिला इस्पितळात नेली.

"दुसऱ्या दिवशी एकाने पेपरात लिहिलं, असा मूक अभिनय गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही," बाई म्हणाली. "मला वाचून दाखवलं. नाकात नळी होती, नाहीतर मी हसले असते."

मग कामं बंद झाली. फोन बंद झाले. नवरा काही दिवस थांबला. म्हणाला, बोलकी होतीस तेव्हा घर भरलेलं वाटायचं. आणि गेला, दुसरं भरलेलं घर बघून.

"रांडेच्या," मी म्हटलं.

बाईने माझ्याकडे वळून बघितलं. "आजी, अगदी योग्य शब्द. मला तेव्हा आठवत नव्हता."

"बराबर," माझ्या शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला.

हा एक कच्छी शेठ होता. मुलुंडला त्याचं फरसाणाचं दुकान. झटक्यानंतर त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, बराबर. मुलांनी दुकानाचे हक्क मागितले, बराबर. सुनेने विचारलं, गाठिया फुकट वाटू का? बराबर. घरच्यांनी घाबरून त्याला इथे आणून सोडला होता.

बाई कशी सुधारली? तिच्या इमारतीखाली रोज एक भाजीवाला आरोळी देत जायचा. ती खिडकीत उभी राहून त्याच्या आरोळीत आवाज मिसळायची. बोलता यायचं नाही, पण आरोळी सुरात असते, ती ओढत नेते. कांदाऽऽ, बटाटाऽऽ. पुढे तो नसतानाही द्यायला लागली. सोसायटीत तक्रार गेली की एवढी मोठी नटी भर दुपारी खिडकीतून बटाटे विकते. त्या तक्रारीला उत्तर देताना तिच्या तोंडून पहिलं सबंध वाक्य आलं. ते काय होतं ते मी इथे लिहीत नाही. माझीच शिवी त्यापुढे सोज्वळ. काही वर्षांनी ती परत रंगभूमीवर उभी राहिली, मोठा पुरस्कार मिळाला, आणि शनिवारी हा हॉल सुरू केला.

तिची शिकवायची रीत अशी की मला आणि शेठला समोरासमोर बसवलं.

"हे दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. फरसाण शिळं निघालंय. भांडा."

"रांडेच्या!" मी म्हटलं.

"बराबर," शेठ म्हणाला.

"रांडेच्या!"

"बराबर, बराबर."

"असा प्रामाणिक दुकानदार सबंध मुंबईत नाही," बाई म्हणाली. शेठ इतका हसला की त्याची कवळी मांडीवर पडली. मीही हसले, आणि या वेळी म्हणे पूर्ण तोंडाने.

मग तिने मला त्या एकाच शब्दाची तालीम दिली. त्याने चहा मागायचा. त्याने पाहुण्याला या बसा म्हणायचं. त्यानेच दुखतंय म्हणून सांगायचं. "शब्द एकच असू दे, आवाज किती आहेत तुमच्याकडे!" ती म्हणायची. थोड्याच दिवसांत गॅसवाला माझी शिवी ऐकून आत यायला लागला.

पण नाव आणि पत्ता त्यात बसत नव्हता, आणि शिमगा जवळ येत होता.

अशात मुलाने एका रविवारी गावी दिरांना फोन लावला. आमच्या दिरांना देवळात मान आहे, गाऱ्हाणं घालायचं काम त्यांच्याकडे. कोकणात गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दीर तिकडे देवळात उभे राहिले आणि आम्ही भांडुपला टीपॉयवर मोबाइल ठेवून, स्पीकर लावून, हात जोडून गोल उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा," फोनमधून आवाज आला, "आज जी काय ही तुझी लेकरां मुंबैसून तुका हाक मारतत, त्येंची हाक ऐक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलगा, सून, नातू.

"माझ्या वयनीच्या वाचेवर जी काय इडापिडा बसली आसा, ती सात समुद्रापलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शिमगो झालो की ती गावाक येतली, तिका माझ्या घरात सुखान ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा सगळ्यांत खणखणीत आवाज माझा होता.

लहानपणापासून म्हणत आले. जीभ आपणहून चालली. सून रडायला लागली. मुलाने फोन उचलून ओरडून सांगितलं, "काका, आई बोलली! आई हो म्हणाली!" तिकडे दिरांनी देवळातली घंटा बडवली. आणि मी? मला नाही म्हणायचं होतं, आणि माझ्याकडे नाही हा शब्द नव्हता. मी होता तो शब्द वापरला. पण त्या आनंदात माझी शिवी कोण ऐकतंय?

शनिवारी सुनेने हे बाईला कौतुकाने सांगितलं. बाई आधी गंभीर होऊन ऐकत होती. मग खुर्चीत बसली आणि उचकी लागेपर्यंत हसली.

"म्हणजे स्वतःच्या हद्दपारीला तुम्ही स्वतःच मान डोलावली?"

मी हात जोडले.

सुनेला खाली पाठवून तिने दार लावलं. "एक शिवी आणि एक होकार. एवढ्यावर लोकांचे अख्खे संसार होतात आजी, पण तुम्हाला पुरणार नाही. ते गाऱ्हाणं मला हवं."

मुलाने ते मोबाइलवर भरून ठेवलं होतं. बाईने ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि पुढच्या शनिवारी हॉलच्या मधोमध उभी राहून माझे दीर झाली. तीच पुढे काढलेली छाती, तेच घसा खाकरणं, वाक्याच्या शेवटी तोच चढ. नटी म्हणजे काय ते मला टीव्हीवर कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. सगळा हॉल 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. शेठ 'बराबर' म्हणत होता.

मग ती शेवटचा शब्द गाळायला लागली. "इडापिडा दूर कर रे..." आणि थांबायची. छताकडे बघायची. कितीही वेळ जावो, देत नसे. मी घामाघूम. "म्हा... म्हाराजा." पुढच्या वेळी दोन शब्द गाळले. मग अर्धं वाक्य. गाऱ्हाण्याला चाल असते, भाजीवाल्याच्या आरोळीसारखी, ती मला ओढत न्यायला लागली. एक दिवस अख्खं वाक्य माझं झालं. पण ते दिरांचं होतं, माझं नव्हतं.

"आता देवाकडे तुम्हाला हवं ते मागा," बाई म्हणाली.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. थांबले. तो दांडगा आला, मी त्याला गिळला. "माका... माका च्या होयो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"बराबर," शेठ म्हणाला, आणि स्वतः उठून खाली चहा सांगायला गेला. सगळ्यांना फिका चहा मिळाला, कारण तो चहावाल्याच्या प्रत्येक प्रश्नाला बराबर म्हणाला.

मी घरी हे सांगायला उतावीळ झाले होते. बाई म्हणाली, "अजिबात नाही. एक वाक्य ऐकवाल, ते म्हणतील छान, आणि तरी नेतील. तालीम कुणाला दाखवत नाहीत. दीर येतील तेव्हा घरातून निघताना गाऱ्हाणं घालतील ना?"

मी मान हलवली. नारळ ठेवल्याशिवाय आमच्यात कुणी उंबरा ओलांडत नाही.

"मग तीच तुमची एन्ट्री. ते श्वास घ्यायला थांबले की घुसायचं."

शिमगा झाला आणि दीर आले. माझी बॅग भरून दाराशी. बाईला शेजारणीने मुद्दाम जेवायला बोलावली होती. बाई आमच्या खोलीत शिरली तशी सबंध चाळ दारात जमली. मुलाने नवी चादर घातली. दिरांनी टोपी सरळ केली आणि नंतर पुन्हा थोडी तिरकी केली. बाई फ्रिजला टेकून बसली, माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

देवापुढे नारळ ठेवला. दिरांनी सुरुवात केली. आणि वाट लागली, कारण समोर एवढी मोठी नटी बसलेली बघून त्यांना स्फुरण चढलं. श्वासच घेईनात. रवळनाथ झाला, सातेरी झाली, बारा पाचाची देवमंडळी झाली, मुंबईच्या मंत्र्यांची सद्बुद्धी झाली. प्रत्येक वाक्याला चाळ 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. मी तोंड उघडायची आणि मिटायची, माशासारखी.

"...आणि आज ही माझी वयनी घर सोडून गावाक..." इथे त्यांना ठसका लागला.

"बा देवा म्हाराजा!" मी म्हटलं.

ठसका थांबला. नातवाच्या हातातला मोबाइल खाली आला.

"जी काय मी... तुझी लेक... हय उभी आसय... तिका खंयच नेव नको रे म्हाराजा! तिका... तिका हयच..."

आणि अडले. पुढचा शब्द भांडुप. जिथे मी सून म्हणून आले, म्हातारी झाले, त्या जागेचं नाव मला येईना. मुलगा बाईकडे बघत होता. बाई पंख्याकडे बघत होती. सुनेने शब्द द्यायला ओठ उघडले, तेव्हा फ्रिजजवळून एक हात आला आणि तिला असा चिमटा बसला की तिने ओठ मिटून डोळेच पुसले.

"हयच... ह्या... ह्या रांडेच्या भांडुपाक ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळी चाळ म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने दीर म्हणाले. जन्मभराची सवय, वाक्य संपलं की तोंड उघडतंच. मग त्यांच्या लक्षात आलं.

"ह्या... ह्या काय झाला?" ते म्हणाले.

"देवासमोर हो म्हणालात, काका," बाई म्हणाली. "आता मागे कसं घेणार?"

दीर टोपी काढून बसले. "गाराणा तसा चुकीचा नाय हा," ते पुटपुटले. "ती शिवी सोडल्यास."

मुलगा मात्र माझा मुलगा आहे. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "आई, आपलं ठरलं होतं. नाव आणि पत्ता."

मी नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं. चाळीचं नाव सांगितलं. खोलीचा नंबर सांगितला.

"तो माझा नंबर आहे," दारातून शेजारीण म्हणाली. "पण चालतंय. माझ्याकडे येऊ द्या कोण येतं ते, मी पाठवीन बाजूला. बॅग सोडा म्हातारीची."

दीर दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. जावेने माझ्यासाठी खोलीत नवीन गादी घालून ठेवली होती, ती त्यांना मिळाली. खोलीचा नंबर मी अजून कधी कधी चुकते, आणि घाईत असले की तो जुना शब्द पुढे येतो. आता तो मी मुद्दामही वापरते, आणि कुठला मुद्दामचा हे घरच्यांना ओळखता येत नाही. ते एक बरं झालं.

पुढे शेठला दुसरा झटका आला, त्यातून तो उठला नाही. दीरही वारले. जाऊ आहे, रोज फोन करून पोट विचारते. बाई आहे, शनिवारी हॉल उघडते. मी आहे, भांडुपला.